तारेच्या आतली पंगत

'अनऑर्थोडॉक्स' ही नेटफ्लिक्सवरची चार भागांची मालिका एका पडलेल्या तारेपासून सुरू होते. ब्रुकलिनमधला विल्यम्सबर्ग हा भाग, शब्बाथचा म्हणजे शनिवारचा दिवस. एकोणीस वर्षांची एस्टी नवऱ्याच्या घरातून पळून जायला निघाली आहे. हातात एक पिशवी. खाली येऊन बघते तर इमारतीच्या दारात बायका खोळंबलेल्या. तार पडली आहे, त्यामुळे आज घराबाहेर काहीही उचलून नेता येणार नाही. पिशवी दिसली की सगळ्यांना कळणार. एस्टी वर जाते, पिशवी ठेवून देते, आजीचा फोटो आणि थोडे पैसे कपड्यांत लपवते आणि रिकाम्या हातांनी निघते.

ही मालिका २०२०च्या मार्चमध्ये, आपल्याकडे टाळेबंदी लागली त्याच आठवड्यात आली. घरात कोंडलेले आपण सगळे, आणि समोर एक मुलगी कोंडवाड्यातून निसटतेय! मी ती एका रात्रीत बघून टाकली. ओळखीतल्या बहुतेकांनीही तसंच केलं असणार. तेव्हा ती तार म्हणजे सरळ तुरुंगाचं कुंपण वाटली होती. मालिकेलाही आपल्याला तसंच वाटायला हवं होतं.

ती तार म्हणजे काय, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तिला 'एरूव' म्हणतात. शब्बाथच्या दिवशी ज्या कामांना मनाई आहे, त्यांत एक म्हणजे घरातली वस्तू बाहेर रस्त्यावर नेणं. मग बाबागाडी कशी न्यायची? आजारी शेजाऱ्याकडे डबा कसा पोचवायचा? यावर जुन्या धर्मशास्त्र्यांनी वाट काढली ती अशी, की अख्ख्या वस्तीलाच एक घर मानायचं. खांब आणि तार यांनी भिंत आणि दार सूचित करायचं. त्याच्या आत सगळी वस्ती म्हणजे एकच घर, आणि घरातल्या घरात वस्तू इकडून तिकडे न्यायला कसली हरकत? म्हणजे ज्या तारेला आपण कुंपण समजलो, ती लोकांना घराबाहेर पडता यावं म्हणून बांधलेली असते. मालिकेतल्या बायका अडकल्या त्या तार असल्यामुळे नाही, तार तुटल्यामुळे. (ब्रुकलिनसारख्या ठिकाणी असा एरूव घालता येतो की नाही यावर धर्मशास्त्र्यांमध्ये अनेक दशकं वाद चालू आहे, ते वेगळंच.)

आणि नुसत्या तारेनं भागत नाही, हा यातला मला सर्वांत आवडलेला भाग. वस्ती एक घर व्हायची तर तिथल्या सगळ्यांची मिळून एक भाकर असावी लागते. आज बहुतेक ठिकाणी सिनेगॉगमध्ये मात्झाचं, म्हणजे बिनखमिराच्या कडक पोळीचं, एक खोकं ठेवलेलं असतं. ते त्या वस्तीतल्या सगळ्यांच्या मालकीचं. हे अन्न सामाईक आहे, म्हणून हे घर एक आहे. तार बाहेरून दिसते. भाकर कपाटात असते.

हसिदी समाजावरच्या पुस्तकांकडे आणि पडद्यावरच्या गोष्टींकडे मी गेली काही वर्षं याच दोन गोष्टी हातात धरून बघतोय. कुणाला तार दिसली, कुणाला भाकर दिसली, आणि दोन्ही एकाच कायद्यातल्या आहेत हे कुणाला दिसलं.

'अनऑर्थोडॉक्स'ला तार दिसली, ती बारकाईनं दिसली. शिरा हासचा चेहरा, यिडिशमधले संवाद, लग्नाचा तो भव्य प्रसंग, सगळं चोख. पण बर्लिन आलं की मालिका ढिली पडते. एस्टी एका कॉफीच्या दुकानात शिरते, संगीत शिकणारी चार पोरं भेटतात, तिला तळ्यावर नेतात, आणि तिथं ती विग काढून पाण्यावर सोडून देते. दिवस मावळायच्या आत तिला मित्रमंडळी मिळालेली असतात. डेबोरा फेल्डमनच्या ज्या आत्मकथनावर ही मालिका बेतली आहे, त्यात हे बर्लिन नाही. ते मालिकावाल्यांनी रचलं आहे, आणि रचलेलं दिसतं. जिथं कुणी कुणाचं काही लागत नाही, तिथलं स्वागत इतकं सोपं असतं का? गाव सोडून पुण्यात किंवा बंगळूरात आलेल्या कुणालाही विचारा. पहिल्या संध्याकाळी तळ्यावर नेणारे लोक भेटतातही, पण ताप आल्यावर डबा कोण आणतं हा प्रश्न साधारण आठव्या महिन्यात पडतो. मालिका चार भागांत संपते, त्यामुळे तो आठवा महिना येतच नाही.

तिच्यातला खरा जीवघेणा क्षण वेगळाच आहे. एस्टी बर्लिनहून आजीला फोन करते. आजी आवाज ओळखते, आणि फोन ठेवून देते. ज्या बाईचा फोटो उराशी धरून ती पळाली, तीच. मराठीत यासाठी फार नेमका शब्दप्रयोग आहे, वाळीत टाकणं. इथं कुठलीही पंचायत बसत नाही, कुणी हुकूम काढत नाही. फक्त फोन ठेवला जातो. मालिकेनं या क्षणाजवळ आणखी थांबायला हवं होतं असं मला राहून राहून वाटतं. आजीला काय वाटलं असेल, हे तिनं शोधलं असतं तर तार आणि भाकर एकत्र दिसली असती.

आता दुसरं टोक. मार्टिन बूबरनं जमवून नव्यानं सांगितलेल्या हसिदी कथा वाचल्या तर हा समाज म्हणजे निव्वळ भाकरच वाटतो. अठराव्या शतकात, आजच्या युक्रेनमधल्या पोडोलिया प्रांतात, इस्राएल बेन एलिएझर नावाच्या माणसाभोवती हा पंथ जमला. लोक त्याला बाआल शेम तोव्ह म्हणत. तो १७६० साली वारला. देवापर्यंत पोचायला पांडित्यच हवं असं नाही, अडाणी माणसाचं गाणं आणि आनंदही तिथं पोचतात, हा त्याचा गाभा. यात मराठी वाचकाला ओळखीचं काही वाटलं तर नवल नाही, पण तुलना फार ताणू नये. बूबरच्या संग्रहात एक खेडवळ पोरगा आहे. त्याला अक्षरओळख नाही, प्रार्थना येत नाही. वर्षातल्या सर्वांत गंभीर दिवशी, भरल्या प्रार्थनाघरात तो शिट्टी वाजवतो. सगळे दचकतात, आणि बाआल शेम तोव्ह म्हणतो, या पोरानं माझं ओझं हलकं केलं. कुणालाही आवडेल अशी गोष्ट.

पण गेर्शोम शोलेम या अभ्यासकानं १९६१ साली बूबरवर जे टीकालेखन केलं, ते वाचल्यावर ती गोष्ट तितकी सोपी राहत नाही. बूबरनं गोष्टी उचलल्या आणि पंथाचे तात्त्विक ग्रंथ बाजूला ठेवले, हा त्याचा मुख्य आक्षेप. बूबर स्वतः धर्मनियम पाळणारा नव्हता, आणि त्याच्या कथांमधले हसिदही जणू नियमांशिवायच जगतात. शिट्टी वाजवणारा पोरगा त्या प्रार्थनाघरात आला होता तो दिवसभराचा उपास असलेल्या दिवशी. त्या दिवशी शिट्टी वाजवायलाही मनाई. ही मनाई काढून टाकली तर गोष्टीत उरतं काय? एक गोड पोरगा आणि एक शिट्टी. मनाई आहे म्हणून बाआल शेमच्या उदारपणाला किंमत आहे. बूबरला हे कळत नव्हतं असं नाही, पण त्याची शैली इतकी नितळ आहे की तार दिसतच नाही.

या दोन्हींच्या मधला सिनेमा म्हणजे 'मेनाशे'. २०१७चा, जोशुआ वाइनस्टाइनचा, जवळजवळ पूर्ण यिडिशमध्ये. लांबी दीड तासाहूनही कमी. तो फारसा गाजला नाही. मेनाशे हा बरो पार्कमधल्या वाणसामानाच्या दुकानात काम करणारा, ढेरपोट्या, सतत उशीर करणारा माणूस. बायको वारून वर्ष होत आलंय. रब्बींचा नियम असा, की आईविना घरात मूल वाढवायचं नाही. म्हणून त्याचा मुलगा रीवेन मामाच्या घरी राहतो. मामा आयझिक नीटनेटका, पैसेवाला, आणि बरोबर असल्याचा त्याला फार आत्मविश्वास. मेनाशेनं दुसरं लग्न केलं तर मुलगा परत मिळेल. त्याला लग्न करायचं नाही. पहिलंही सुखाचं नव्हतं.

मेनाशेची भूमिका करणारा मेनाशे लुस्टिग स्वतः हसिद आहे आणि कथेचा गाभा त्याच्याच आयुष्यातून आलेला आहे. त्यामुळे या माणसाचा विस्कळीतपणा अभिनय वाटत नाही. गाडीचं दार नीट न लावल्यामुळे मासळीचे खोके रस्त्यावर सांडतात, तेव्हा आपल्याला हसू येतं आणि त्याच क्षणी हेही वाटतं की आयझिकचं काय चुकलं? याच्याकडे मूल कोण सोपवेल? सिनेमा आपल्याला आयझिकच्या बाजूला नेऊन बसवतो आणि तिथं आपल्याला अवघडल्यासारखं करतो. हे 'अनऑर्थोडॉक्स'ला एकदाही जमलेलं नाही.

तर मेनाशे हट्ट धरतो की बायकोच्या वर्षश्राद्धाचं जेवण माझ्याच घरी होईल. तोवर मुलालाही माझ्याकडे राहू द्या. रब्बी थोड्या दिवसांची मुभा देतात. मेनाशे शेजारणीला विचारून कुगल करायला घेतो. कुगल म्हणजे शेवयांचा किंवा बटाट्याचा भाजलेला जाडसर थर, शब्बाथच्या जेवणातला हमखास पदार्थ. तो भट्टीत ठेवून हा कबरस्तानात जातो, आणि परत येईपर्यंत घरभर धूर. कुगल जळलेला. पाहुणे खोकतायत, आयझिकच्या चेहऱ्यावर 'मी म्हटलं नव्हतं?' हे स्पष्ट. मग रब्बी जळलेल्या कुगलचा घास घेतात. आणि चांगला झालाय म्हणतात.

हा प्रसंग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हातारा दयाळू आहे, एवढंच वाटलं. पण हसिदी पंगतीची रीत माहीत असेल तर त्याचं वजन वेगळं होतं. रेब्बे म्हणजे पंथाचा गुरू शिष्यांसोबत मोठ्या मेजाभोवती बसतो, त्या बैठकीला 'टिश' म्हणतात. शब्दाचा अर्थ नुसता टेबल. ताटातला एखादा घास गुरू खातो आणि उरलेलं सगळ्यांमध्ये वाटलं जातं. गुरूच्या उष्ट्याला तिथं प्रसादाचं मोल आहे, आणि ते मिळवायला हात पुढे येतात. कुगल हा त्या मेजावरचा मानाचा पदार्थ. तेव्हा रब्बींनी जळका कुगल तोंडात घालणं हे सांत्वनापुरतं नाही. त्या दरिद्री खोलीतल्या फजितीचं त्यांनी घडीभरासाठी पंगतीत रूपांतर केलं. आता तो कुगल कुणालाही नाकारता येत नाही, आयझिकलासुद्धा.

आणि निकाल? तो बदलत नाही. मुलगा मामाकडेच परत जाणार.

हीच जागा मला या सगळ्या साहित्यात सर्वांत प्रामाणिक वाटते. दुसरा एखादा दिग्दर्शक इथं रब्बींचं मन वितळवून मुलगा बापाच्या हवाली करता, किंवा रब्बींना ढोंगी ठरवता. वाइनस्टाइन दोन्ही करत नाही. कुगल खाणारा आणि मूल देणार नाही म्हणणारा माणूस एकच आहे, आणि दोन्ही वेळी तो मनापासून वागतो आहे. त्याच्या दृष्टीनं ही भाकर आणि ही तार वेगळी नाहीतच. सिनेमाच्या सुरुवातीला मेनाशे रस्त्यावरून चालत येतो तेव्हा बाकीच्या पुरुषांसारखा लांब काळा कोट आणि हॅट त्याच्या अंगावर नसते. शेवटी तो शुद्धिस्नान करतो आणि कोट-हॅट घालून त्याच गर्दीत चालू लागतो. तो हरला की घरी आला? मी तीनदा पाहिला, तिन्ही वेळा वेगळं वाटलं.

इथं मुंबईतल्या एका इमारतीचा उल्लेख टाळता येणार नाही. हसिदी पंथांमधला लुबाविच किंवा हबाद हा पंथ अनोळखी ज्यूंसाठी दार उघडं ठेवण्याबद्दल ओळखला जातो. त्यांचे सातवे रेब्बे मेनाकेम मेंडेल श्नेअरसन यांनी १९५१ साली सूत्रं घेतली आणि तरुण जोडपी जगभरच्या शहरांत पाठवायला सुरुवात केली. जिथं जाल तिथं कायमचं राहा, शब्बाथचं जेवण मांडा, जो ज्यू दारात येईल त्याला आत घ्या, तो किती पाळतो हे विचारू नका. १९९४ साली ते वारले, गादीवर नवा रेब्बे बसला नाही, तरी जोडपी जातच राहिली. गॅव्हरिएल आणि रिव्का होल्ट्झबर्ग २००३ साली अशीच मुंबईत आली. कुलाब्यातल्या नरिमन हाउसमध्ये त्यांच्याकडे जेवायला इस्राएली भटके पोरं, व्यापारी, प्रवासी येत. २००८च्या नोव्हेंबरमध्ये दहशतवादी त्याच दारातून आत आले. दोघंही मारले गेले. दोन वर्षांच्या मोशेला बाहेर काढलं ते सॅन्ड्रा सॅम्युएल या त्याला सांभाळणाऱ्या बाईनं. ती ज्यू नव्हती, शब्बाथचे नियम तिला लागू नव्हते, आणि त्या घरातली सर्वांत भक्कम तार तीच निघाली.

पण त्याच शहरात त्या जोडप्याच्या दोनशे वर्षं आधीपासून ज्यूंचं एक घर होतं. मांडवीतला सिनेगॉग १७९६चा, सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी बांधलेला. बेने इस्राएल, कोकणातले शनवार तेली, मायबोली मराठी. हसिदी परंपरेशी यांचा संबंध नव्हता, पण सामाईक अन्नानं घर बांधायची युक्ती यांच्याकडेही होती. गोड पोहे, ओलं खोबरं, फळं असं मलिद्याचं ताट मांडायचं, एलियाहू हन्नाबीचं स्मरण करायचं आणि मग सगळ्यांनी खायचं. लग्न असो, नवस फेडणं असो, मलिदा हवाच. आणि हीच माणसं इस्राएलला गेली तेव्हा १९६२ साली तिथल्या मुख्य रब्बींच्या कचेरीनं यांच्या लग्नांच्या वेळी पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश काढला. म्हणजे तुमची भाकर ठीक, तार दाखवा. निदर्शनं झाली, धरणी झाली, १९६४ साली माघार घ्यावी लागली. तो आदेश हसिदांचा नव्हता, तेव्हा तो हबादच्या खात्यावर टाकता येत नाही. मला त्यातून एवढंच दिसतं की पाहुण्याला जेवू घालताना कुणी वंशावळ विचारत नाही. सोयरीक निघाली की विचारतात. पंगत आणि सोयरीक यांतलं अंतर मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

पाहुण्यासाठी घरं बांधणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात काय होतं, यावर एक अख्खी कादंबरी आहे. खाइम पोटोकची 'माय नेम इज अ‍ॅशर लेव्ह', १९७२ची. तिच्यातला लाडोव्हर पंथ काल्पनिक आहे, पण लुबाविचवर बेतलेला आहे हे उघड आहे. अ‍ॅशरचे वडील रेब्बेंच्या कामासाठी सतत प्रवासात. रशियातून सुटणाऱ्या ज्यूंना आधार दे, युरोपातल्या उद्ध्वस्त शहरांत पुन्हा पाठशाळा उभ्या कर. अनोळखी मुलांसाठी ते दारं उघडत जातात. घरी त्यांचा स्वतःचा मुलगा चित्रं काढत बसलेला असतो, आणि चित्रं काढणं म्हणजे काय हे त्यांना मुळीच कळत नाही. आई खिडकीशी उभी, कधी नवऱ्याची वाट बघत, कधी मुलाची.

पोटोकची भाषा कोरडी आहे. छोटी वाक्यं, ठोकळेबाज संवाद, कधीकधी कंटाळा येतो हे कबूल करायला हवं. कलेबद्दलची लांबलचक बोलणी तर मी दुसऱ्या वाचनात सरळ ओलांडली. पण रेब्बे हे पात्र विलक्षण आहे. अ‍ॅशरला शिकवायला जेकब कान हा धर्म न पाळणारा शिल्पकार तेच शोधून देतात, बापाच्या मनाविरुद्ध. पंथाच्या सीमेपलीकडचं दार खुद्द रेब्बेच उघडतात. पुढे अ‍ॅशर आईच्या यातना रंगवतो, आणि त्यासाठी त्याला क्रूस वापरावा लागतो. ज्यू घरात, शतकानुशतकं ज्या चिन्हाखाली मार खाल्ला ते चिन्ह. मग तेच रेब्बे त्याला इथून जा म्हणून सांगतात. जा, पण पॅरिसच्या आपल्या पाठशाळेत जा. म्हणजे हद्दपार करतानाही पत्ता आपल्याच घराचा देतात. ती पाठशाळा त्याच्या बापानं उभी केलेल्यांपैकी. बापानं परक्यांच्या पोरांसाठी बांधलेल्या घरात आता त्याचा पोरगा परका म्हणून राहायला जाणार.

एस्टीच्या आजीनं फोन ठेवला, तो असा पत्ता देऊन ठेवता आला असता का? मालिकेला हा प्रश्न पडत नाही. पोटोकला पडतो, कारण त्याच्या लेखी समाज म्हणजे एक भिंत नसून माणसं आहेत, आणि माणसं एकाच वाक्यात जा आणि ये म्हणू शकतात.

अर्थात या मायेचा हिशेब कुणाच्या तरी नावावर मांडला जातोच. अठरा वर्षांनी, १९९० साली पोटोकनं याच गोष्टीचा पुढचा भाग लिहिला, 'द गिफ्ट ऑफ अ‍ॅशर लेव्ह'. काका वारल्याचं कळतं आणि अ‍ॅशर फ्रान्सहून बायकामुलांसह ब्रुकलिनला येतो. थोड्याच दिवसांसाठी म्हणून आलेला मुक्काम लांबत जातो. सगळे प्रेमानं वागतात. बायको, जिला नात्याचं कुणी उरलेलं नव्हतं, या गोतावळ्यात फुलून येते. म्हातारा रेब्बे निपुत्रिक आहे, गादीला वारस हवा. हळूहळू अ‍ॅशरच्या लक्षात येतं की गादी आधी आपल्या वडिलांकडे जाणार, पण वडिलांनंतर कोण हे ठरल्याशिवाय नाही. आपण तर शक्यच नाही. घरात सगळ्यांनी लाडावलेला, आजोबांचं बोट धरून प्रार्थनेला जाणारा, पाच-सहा वर्षांचा एक मुलगा तेवढा आहे. अ‍ॅशरकडे कुणी काही मागत नाही. फक्त वाट बघतात.